हार्लबीला कसे जावे

हार्लबी नावाच्या विलायती गावाबद्दल गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्यात बरंच बोललं गेलं आहे. आमच्या अभ्यासमंडळात त्यावर चर्चा झाली. एका वक्त्याने भर सभेत हात उंचावून विचारलं, "हार्लबीच्या गिरणीतल्या बाया जे करू शकल्या, ते आपल्याला का जमू नये?" आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आमच्याच शाळेत सहामाहीला प्रश्न आला, 'हार्लबी येथील स्त्री-कामगारांच्या लढ्याचे परिणाम लिहा.' पेपर तपासायला माझ्याकडेच. एका हुशार मुलीने उत्तर सनासकट लिहिलं होतं. मी पैकीच्या पैकी गुण दिले. दुसरं काय करणार? तो सन चूक आहे असं म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

कारण हार्लबीचा लढा मी रचलेला आहे. तोही विलायतेत नव्हे, नगर जिल्ह्यात, एका संध्याकाळी, भिंतीकडे बघता बघता.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. वय सत्तेचाळीस, धंदा इतिहास शिकवण्याचा. कमी बोलणाऱ्याचं एक असतं, लोकांना वाटतं हा जे बोलतो ते तोलून बोलतो. या समजाचा मी काय उपयोग केला ते आता प्रवासाच्या ओघात सांगून टाकतो. पोटात ठेवून ठेवून अजीर्ण झालं आहे.

बेलापूर रोड

युद्ध संपलं होतं, रेशन संपलं नव्हतं. डॅनियल मास्तर म्हणून मिशनच्या शाळेतले एक शिक्षक, माझ्या जुन्या ओळखीचे. एका साखर कारखान्याजवळच्या वाडीत ते कामगारांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवत. लिहिणं-वाचणं शिकवत आणि अधूनमधून बाहेरचा पाहुणा बोलावून व्याख्यान ठेवत. या खेपेला पाहुणा मी, विषय 'कामगारांचा इतिहास'. निघताना सौभाग्यवती म्हणाल्या, "साखरेच्या कारखान्यात चाललाच आहात तर थोडी साखर तेवढी आणा. इतिहास घरात पुष्कळ आहे."

बेलापूर रोड स्टेशनवर उतरलो. या गावाला आता श्रीरामपूर म्हणू लागले आहेत. उतरल्या उतरल्या पहिला भेटतो तो वास. जवळपासच्या कारखान्यांच्या मळीचा असा आंबूस-गोड वास हवेत असतो, की पहिला तासभर माणूस नाकाला रुमाल लावतो आणि दुसऱ्या तासाला त्याला भूक लागते. फलाटाबाहेर बैलगाडीपाशी एक मिशीवाला गृहस्थ उभा होता. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "इतिहास तुमीच का?"

मी हो म्हणालो.

"मला वाटलं दांडगं असतील. बसा."

याचं नाव गबाजी. कारखान्याला ऊस घालणारा गाडीवान. गाडी निघाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. गबाजी खाली उतरला, वाकून गाडीखाली बघितलं आणि पुन्हा चढला. पुढे ओढा आला. पुन्हा उतरला, वाकला, चढला. असं चार-पाचदा झाल्यावर मला चाकाचीच काळजी वाटू लागली.

"काही निसटतंय का हो?"

"न्हाई."

"मग बघताय काय?"

"काय न्हाई ना, ते बगतो."

पुढच्या वेळी मीही उतरलो आणि त्याच्या शेजारी वाकलो. गाडीखाली धुळीशिवाय काही नव्हतं. दोन प्रौढ माणसं रस्त्यात ओणवी होऊन काही नसल्याची खात्री करून घेत होती. बहुधा त्यामुळेच त्याला मोकळं वाटलं असावं.

"त्याचं असं झालं पाव्हणं," बैल हाकत तो म्हणाला. "हंगामात बाया कारखान्यात चिपाडं वाहत्यात. डोईवर पाटी. मंग तान्ही पोरं कुठं ठिवायची? आमच्या गाड्या आवारात उभ्या असत्यात, त्यांच्या खाली झोळी बांधत्यात. सावली बी व्हती, वारं बी लागतं. आता आमची मार्था. तिनं माज्या गाडीखाली पोरगी बांधली. मला काय म्हाईत? ऊस खाली केला, बैल जुपलं, निगालो."

"पोरीसकट?"

"पार त्या मगाच्या वढ्यापतुर! पान्यात बैल थांबला तवा मला वाटलं मागं कोन तरी खुदकन हसलं. वाकून बगतो तर पोरगी. पाय हालवीत माज्याकडं बगून हसतीया! मी असा वरडलो... मी वरडलो म्हनून ती रडली, तवर गप हुती बिचारी. तिकडं तिची आय आवार डोक्यावर घिऊन."

"मग?"

"मंग काय. मॅनेजरसायबाला कळलं. म्हनला, सोमवारपासनं गेटाच्या आत एक बी पोर दिसता कामा नये. पोरं घरी ठिवा, न्हाईतर तुमी घरी ऱ्हावा. मार्थाच्या घरी कोन हाय? नवरा गेला लढाईत, तिकडंच राह्यला. सासू आंधळी." त्याने बैलाची शेपटी उगीचच पिरगाळली. "पोरगी तिची, गाडी माजी, आन काम गेलं तिचं."

पुन्हा थांबला, उतरला, वाकून बघितलं.

वाडी, शनिवार

डॅनियल मास्तरांच्या घरी आधी चहा झाला. गुळाचा. कारखान्याची चिमणी त्यांच्या खिडकीतून दिसते, रात्रंदिवस साखर पडते आणि चहा मात्र गुळाचा. मास्तर म्हणाले, "साखर इथून मुंबईला जाते, तिथून पुण्याला येते, तिथे तुम्ही रांगेत उभे राहता. आम्हाला ती फक्त ऐकू येते." सौभाग्यवतींच्या साखरेची आशा मी तिथेच सोडली.

जेवणात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मटण होतं. आमच्या घरी मटण शिजत नाही. ख्रिस्त्याच्या घरी जेवायचं म्हणजे बरोबरच्या डब्यातलं खायचं, असं निघताना ठरलं होतं, आणि परतल्यावर "डबा संपवला" असं मी सांगितलंही. डबा गबाजीच्या बैलांनी संपवला. मी मटण खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. सौभाग्यवतींना हे या लेखातूनच कळेल. मोठ्या कबुलीआधी लहान कबुली दिलेली बरी असते.

वर्ग मिशनच्या देवळाला लागून असलेल्या खोलीत. भिंतीवर कोण्या जुन्या पाद्रीसाहेबांनी देऊन ठेवलेलं मोठं घड्याळ. पुढे पुरुष, मागे बायका, सगळे सतरंजीवर. मी चाळीस पानी टाचण काढलं आणि 'यंत्रयुगाचा उदय' सुरू केला. वाफेच्या इंजिनापर्यंत पोचलो तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे झोपले होते. सूतगिरणीशी आलो तेव्हा रांगच झोपली होती. रोज बारा तास बॉयलरपाशी उभं राहणाऱ्या माणसाला मी वाफेबद्दल सांगत होतो, यातली गंमत मला तेव्हा कळली नाही. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. सगळी रांग एकदम ताठ उभी राहिली आणि डोळे न उघडताच पाळीवर निघून गेली.

उरल्या बायका. त्यांतली एक, मांडीवर पोर घेतलेली, म्हणाली, "मास्तर, एक इचारू?"

डॅनियल मास्तर हळूच म्हणाले, "ही मार्था."

"इचारा, इचारा," मीही तिच्याच बोलीत शिरलो.

"तुमी म्हनला त्या मुलखात बाया बी गिरनीत जायच्या. बारा-बारा तास. मंग त्यांनी पोरं कुठं ठिवली?"

साधा प्रश्न. मी वाचलेल्या पुस्तकांत धोटे किती, सूत किती, कायदे कोणते, सगळं होतं. पोरं कुठे ठेवली ते मला कुठे वाचल्याचं आठवेना. आता 'मला माहीत नाही' हे तीन शब्द उच्चारायचे होते. पण बावीस वर्षं मास्तरकी केल्यावर ते शब्द घशातून वर येत नाहीत. मी घसा खाकरला. छताकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तबकडीवर बारीक इंग्रजी अक्षरांत, ते जिथे बनलं त्या गावाचं नाव होतं: हार्लबी.

"हार्लबी नावाचं एक गाव आहे," मी म्हणालो.

खोली गप्प झाली. इतकी गप्प, की मला स्वतःलाच ऐकावंसं वाटलं.

"तिथल्या मालकानेही हुकूम काढला, गिरणीत पोरं आणायची नाहीत. मग बायकांनी काय केलं? पहाटे उठून आपापले पाळणे घेतले आणि मालकाच्या बंगल्यावर—"

"पाळनं कुठलं आनत्यात गरिबाच्या बाया?" मागून एक म्हातारी. "झोळ्या असतील."

"झोळ्या," मी दुरुस्ती केली. "झोळ्या मालकाच्या व्हरांड्यात बांधल्या आणि कामावर निघून गेल्या."

"अगं बया!"

"मालक काय म्हनला?"

"चिडला."

"चिडनारच. आन त्याची बायकू?"

मालकाच्या बायकोचा मी विचार केला नव्हता. "ती... बाहेर आली."

"पोर उचललं का तिनं?" हे मार्था.

काय सांगू! इतक्या माना पुढे आल्या होत्या. जन्मात माझ्या कुठल्याही व्याख्यानाला अशा माना पुढे आल्या नव्हत्या.

"उचललं," मी म्हणालो. "आणि नवऱ्याला म्हणाली, यांना एक खोली द्या."

"दिली?"

"दिली."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. म्हातारीने पदर सावरला. डॅनियल मास्तरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, इतका जिवंत इतिहास या खोलीत आजवर कोणी सांगितला नव्हता.

रविवार

उपासनेला मलाही नेलं. आमच्याकडे देवळात घंटा वाजवायची, प्रदक्षिणा घालायची आणि चपला आहेत का ते बघायचं, एवढा कार्यक्रम. इथे दोन तास बसावं लागतं, पण टाळ-पेटीवर गाणी छान म्हणतात. शेवटी ज्याला वाटेल त्याने उठून मोठ्याने प्रार्थना करायची. कोणी पावसासाठी केली, कोणी दुखऱ्या गुडघ्यासाठी. मग मार्था उठली.

"हे प्रभू, हारलबीच्या बाया कुठं असतील तिथं त्यांना सुखी ठिव. त्यांच्या पोरांना सुखी ठिव. त्यांना दिली तशी हिंमत उंद्या सकाळी आमाला बी दे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

माझ्या शेजारी डॅनियल मास्तर होते. ते माझ्याकडे बघत होते. मीही म्हणालो, "आमेन." त्या देवाशी माझी ओळख आदल्या दिवसाची, आणि पहिलाच शब्द खोटा.

'उंद्या सकाळी' हे मात्र काळजात गेलं. दुपारच्या गाडीने निघायचं होतं आणि गबाजीने बैल जुंपलेही होते. मी त्याला थांबवून मार्थाला गाठलं. ती वर्गाच्या खोलीत सतरंज्या गुंडाळत होती.

"मार्थाबाई, उद्या तुम्ही काय करणार आहात?"

"हारलबीसारखं."

"असं बघा, तसं काही झालंच नव्हतं. मी बनवून सांगितलं. तुम्ही विचारलंत, मला उत्तर माहीत नव्हतं. गोष्ट रचली."

ती सतरंजी गुंडाळतच राहिली. मग हसली. "भ्यायलासा व्हय?"

"भ्यालोय, पण ते निराळं. तशा बायका नव्हत्याच."

"गाव तरी हाय का न्हाई?"

"गाव असेल, पण..."

"असंल कशाला? ह्ये काय!" तिने सतरंजी सोडून थेट घड्याळाकडे बोट दाखवलं. "डॅनियल मास्तरांनी काल वाचून दावलं. हारलबी. गाव न्हाई तर घड्याळ काय आभाळातनं पडलं? आन गाव हाय म्हनल्यावर बाया असनारच. बाया हायत तर पोरं असनारच. मंग त्यांनी कुठं तरी ठिवलीच असतील का न्हाई?"

तिच्या तर्कात मला खोट काढता येईना. हे मी विनयाने म्हणत नाही. आजही येत नाही.

"पण साहेबाने तुम्हाला काढून टाकलं तर?"

"पोर घिऊन गेटात जायाचं न्हाई म्हनल्यावर काढल्यालंच हाय की. आता आनि काय काढनार, दात?" तिने सतरंजी काखेत मारली. "येवढंच सांगा. त्या झोळ्यांपाशी कोन बसलं हुतं? पोरं एकटी कशी सोडतील?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. ते तीन शब्द शेवटी आले, पण एक दिवस उशिरा.

मार्था मला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. स्टेशनवर गबाजीने बघितलं होतं तसंच.

सोमवार

तर सोमवारी सकाळी, धोतर सावरून, साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सहा झोळ्यांच्या मधे मी बसलो होतो. बायका खांबांना झोळ्या बांधून, प्रत्येकीची दोरी माझ्या हाती देऊन पाळीवर गेल्या होत्या. दोन दोऱ्या दोन हातांत, दोन पायांच्या अंगठ्यांना, एक दातांत. सहावी गबाजीने धरली होती. तो फाटकाशी उभा राहणार असं ठरलं होतं, पण मार्थाची झोळी बांधल्यावर तो तिच्यापासून हलेना. दर दोन मिनिटांनी वाकून आत बघे.

"हाय," तो म्हणे. "हाय अजून."

साहेब दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले. "हे काय आहे? कोण आपण?"

मी दातांतली दोरी काढली. "इतिहासाचा शिक्षक."

"इथे काय करताय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर इतकं लांब होतं, की मी दोरी पुन्हा दातांत धरली.

साहेब ओरडले. ते ओरडले म्हणून एक पोर रडलं, एक रडलं म्हणून पाच रडली. मी घाबरून हातापायांना एकदम हिसके देऊ लागलो. झोळ्या एकमेकींवर आपटायच्या बेतात आल्या. साहेब वॉचमनला हाका मारत होते, वॉचमन म्हणे त्याचाही नातू त्यात आहे. इतक्यात आतून बाईसाहेब आल्या. बांधा ठसठशीत, हातात चहाचा कप.

"अहो, असा झोका देतात का?" त्या कडाडल्या. मला वाटलं नवऱ्याला. पण मलाच होतं. "पोर आहे का ताकातली रवी? सोडा! सोडा ती दोरी! मेल्या पुरुषांना काही कळत नाही!"

कप माझ्या हाती देऊन त्यांनी दोरी घेतली. मग दुसरी घेतली. मार्थाची पोरगी फारच रडत होती, तेव्हा दोऱ्या टाकून त्यांनी तिला झोळीतून काढली आणि खांद्यावर टाकली. पोरगी गप्प झाली. साहेबही गप्प झाले. साबण त्यांच्या गालावर सुकत चालला होता.

"उचललं," गबाजी माझ्या कानाशी कुजबुजला. "जसंच्या तसं! मास्तर, आता खोली द्या म्हनंल बगा."

बाईसाहेब तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला हा गोंधळ उद्या इथे नको." साहेब म्हणाले, "मग कुठे घालू?" त्या म्हणाल्या, "बारदानाची कोठी अर्धी रिकामीच असते ना?" आणि पोरगी खांद्यावर घेऊन आत गेल्या. ती पाळी सुटेपर्यंत आतच होती. त्या चहात साखर होती. बाईसाहेबांचा उष्टा कप, पण मी प्यालो. हीही कबुली लिहून घ्या.

कोठी मिळाली. पोरांजवळ बसायला 'झोळ्या असतील' म्हणणाऱ्या त्या म्हातारीला ठेवलं. मार्थाचं काम राहिलं. सगळ्यांची त्या दिवसाची अर्धी हजेरी मात्र साहेबांनी कापली. मार्थाने संध्याकाळी माझ्याकडे तक्रार केली, "हारलबीत कापली हुती का? मंग ते आदी का न्हाई सांगितलं?"

परत

साखरेऐवजी काकवीची बाटली मिळाली. ती पिशवीत फुटली आणि 'यंत्रयुगाचा उदय' चाळीसही पानांसकट गोड झाला. पुण्यात अभ्यासमंडळासाठी वृत्तांत लिहायचा होता. त्यात मी लिहिलं: 'विलायतेतील हार्लबीचा इतिहास ऐकून स्फूर्ती घेतलेल्या कामगार स्त्रियांनी...' वाडीत दिलेली कबुली वाटेतच कुठेतरी सांडली. काकवीबरोबरच म्हणा. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. वाईट वाटतं ते खोट्याचं आहेच, पण त्याहून जास्त याचं, की जे वाडीच्या बायकांनी केलं त्याचा मान मी एका घड्याळाला देऊन बसलो. माझ्या वर्गातली मुलं हार्लबी पाठ करतात, मार्थाचं नावही त्यांना ठाऊक नाही.

हे सगळं निस्तरायचं म्हणून यंदाच्या हंगामात पुन्हा गेलो. भर वर्गात उभं राहून सांगायचं ठरवलं होतं. स्टेशनवर गबाजी होता. वाटेत उतरला, वाकला, चढला.

"अजून बघताय?"

"सवय. आता कायबी नसतंय, म्हाईत हाय. तरी बी."

कारखान्याच्या फाटकाशी मार्था भेटली. डोईवर पाटी. मी विचारलं, "पोरगी कुठे आहे?"

"कुठं म्हंजे? हारलबीत."

मला कळेना. तिने मानेने आवारापलीकडे दाखवलं. बारदानाची कोठी. आतून पोरांचा गलका येत होता. दारात ती म्हातारी बसली होती आणि एका बाईवर ओरडत होती, "आगं शेंबूड पुसून आन की! हारलबी काय उकिरडा हाय?"

मी जे सांगायला गेलो होतो ते त्या वेळी सांगितलं नाही. इथे सांगितलं आहे. मार्था आता वाचायला शिकली आहे. तेव्हा हे तिच्यापर्यंत पोचेल, आणि ती म्हणेल की मास्तर पुन्हा भ्याला.

पेपरातल्या त्या मुलीला तो सन कुठून आणला ते मी विचारणार आहे. त्या लढ्याला खरा सन असलाच, तर तो वाडीतल्या त्या सोमवारचाच असणार. आणि ज्यांना हार्लबी पाहायची असेल त्यांच्यासाठी: दौंडवरून मनमाडची गाडी धरावी, बेलापूर रोडला उतरावं, वासाच्या दिशेने निघावं. गबाजीची गाडी मिळाली तर उत्तम, मात्र वेळ हाताशी ठेवावा. चिमणी दिसली की ओढा लागतो, ओढ्यानंतर फाटक, फाटकातून उजवीकडे तिसरी कोठी. आत शिरताना डोकं सांभाळावं, झोळ्या खाली बांधलेल्या असतात. झोका द्यायला जाऊ नये. आणि साखर मिळेल या आशेने तर मुळीच जाऊ नये.